स्वच्छ सोनं

सोमवार, ४ नोव्हेंबर

रुजू झाले एकदाची! वर्षभर घरी काढल्यावर गळ्यात पुन्हा 'डॉ. कादंबरी' असं ओळखपत्र अडकवलं, तेव्हा शाळेच्या पहिल्या दिवसासारखं वाटलं. बंगळुरात पीएच.डी. केली तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

संस्था पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, चारी बाजूंनी ऊस. आमच्या सोसायटीपासून स्कूटरवर जवळच. दत्तप्रसादची कंपनी मात्र हिंजवडीला, म्हणजे पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मांजरीत घर घ्यायचं मी म्हणाले तेव्हा त्याने नकाशा उघडून माझ्यासमोर धरला आणि काही न बोलता पुन्हा मिटला. गुणी नवरा आहे.

शेफालीला सांभाळायला बायडाबाई मिळाल्या आहेत. मांजरीच्याच. आमची सोसायटी उभी आहे ते रान एके काळी त्यांचं होतं. "मी माज्याच रानात कामाला येतीया बगा," असं म्हणून त्या स्वतःच खळखळून हसल्या. सहा महिन्यांची पोरगी पहिल्या दिवशीच त्यांच्याकडे बिनतक्रार राहिली. पण मी घरी आले तशी माझ्या मानेत नाक खुपसून असं काही हुंगायला लागली की मला हसू आवरेना. जणू मी खरी की नकली, ते तपासत होती.

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. श्याम देवस्थळी सर, यंत्र सांभाळणारा इंजिनिअर आमोद, आणि मी. सर सदाशिव पेठेतले. इथे चहाची काय सोय आहे, असं विचारलं तर म्हणाले, "चहा कँटीनमध्ये मिळतो. इथे विज्ञान मिळतं, तेही कधीमधी." मला आवडले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

यंत्राशी ओळख झाली. तळमजल्यावर एक खोली, तिचा पाया इमारतीपासून वेगळा, कारण सोलापूर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तरी मोजमाप हलतं. मध्ये स्टीलचं चेंबर, त्याला काचेच्या छोट्या खिडक्या. आतली हवा पंपाने इतकी काढून टाकलेली की चंद्रावरही याहून जास्त असेल. आत नखाएवढा सोन्याचा स्फटिक, आरशासारखा. त्यावर एकेक सुटा रेणू बसवायचा, एका अणूएवढं टोक असलेली सुई त्याच्यावर आणायची आणि थोडी वीज सोडायची. रेणू थरथरतो. पाण्याची थरथर वेगळी, कार्बन मोनॉक्साइडची वेगळी. आलेखावर त्या थरथरीची शिखरं उमटतात आणि त्यावरून कोण बसलंय ते ओळखायचं. माणूस चालण्यावरून ओळखावा, तसं.

रोज सकाळी स्फटिक साफ करायचा. आर्गॉन वायूचा मारा करून वरचा थर खरवडायचा, मग तापवायचा. जे निघेल ते पंप ओढून घेतो. हे काम आता माझ्याकडे.

माझ्या आधी इथे शौनक नावाचा मुलगा होता. पीएच.डी. अर्धवट टाकून गेला. कुठे, ते आमोदला आठवेना. सर म्हणाले, जाणारे पत्ता ठेवून जात नाहीत. सर स्वतः खाली येत नाहीत. वरच्या केबिनमध्ये पडद्यावर सगळं बघतात. गुडघे दुखतात म्हणे. दुपारी मात्र दोन-दोन पायऱ्या चढताना दिसले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सोन्यावर एक आगंतुक आहे. आम्ही फक्त कार्बन मोनॉक्साइड सोडला होता, पण आलेखावर भलतीच शिखरं आली. लांब, तेलकट साखळीचा रेणू असावा. आमोद म्हणाला, मॅडम, कचरा असेल, साफ करून टाका. केला. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि सकाळपेक्षा जास्त.

गंमत म्हणजे सर खूश आहेत. माझ्या साफसफाईला एक अक्षर बोलले नाहीत. रोज साफ करा, रोज समोर बसून मोजा आणि रोज किती येतंय ते सांगा, एवढंच म्हणाले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

या घरात मला एक वरदान मिळालं आहे. कालव्यामुळे इथे संध्याकाळी डासांचे ढग असतात, दत्तप्रसाद खाजवून लाल झालाय, आणि मला एकही चावत नाही! शेजारी बसलो तरी सगळे त्याच्याकडे. तो म्हणाला, त्यांनाही चव कळते. फाटकावरची कुत्रीसुद्धा हल्ली माझ्या स्कूटरच्या मागे लागत नाहीत. मान वरच करत नाहीत. मी मनात म्हटलं, झालो आपण इथले.

मंगळवार, ३ डिसेंबर

शेफाली माझ्याकडे येत नाही.

आधी वाटलं दात येताहेत. पण बायडाबाईंच्या कडेवर ती मजेत असते, बापाकडे झेपावते. मी घेतलं की अंग ताठ करते. परक्या बाईकडे बघावं तशी बघते, मग ओठ काढून रडायला लागते. दूध तर तोंडात धरत नाही. आज मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. नोकरीमुळे असं होतं, असं आई फोनवर म्हणाली, सगळ्यांचं होतं.

बायडाबाई म्हणाल्या, साबण बदलला का ताई? नाही म्हटलं. त्या माझ्या खांद्याजवळ वाकल्या, हुंगलं आणि जरा गोंधळून बाजूला झाल्या. "कायच वास न्हाई वो अंगाला. घामाचा बी न्हाई." मग नजर लागली असेल म्हणून मीठ-मोहरी उतरवून टाकली. मी उतरवू दिली.

मंगळवार, १० डिसेंबर

बायडाबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून आज एक वेडेपणा केला. सोन्याच्या पातळ पत्र्याचा कोरा तुकडा घेतला, मानेवर घासला आणि शेजारच्या खोलीतल्या, प्रकाश टाकून रेणू ओळखणाऱ्या साध्या रामन यंत्राखाली ठेवला. फिकट शिखरं आली, पण आली. चेंबरमधल्या आगंतुकाच्या आलेखाशेजारी ती ठेवली.

तीच. जागच्या जागी. शिखरावर शिखर.

त्या स्फटिकावर जे जमतंय ते माझ्या अंगावरचं आहे.

आमोद म्हणाला, हाताळताना लागलं असेल. पण तो स्फटिक मी कधी हातात घेतलेलाच नाही! मी रुजू व्हायच्या आधीपासून तो बंद आहे. हे बोलल्यावर आमोदने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, हीलियम भरायचाय, आणि गेला. तो तिथे कधीच फार वेळ थांबत नाही. दिवसभर बसते ती मीच.

गुरुवार, १९ डिसेंबर

पुन्हा पत्रा घासला. मानेवर, काखेत, कपाळावर. आज उन्हातून चालत आले होते, घाम आलेला होता.

आलेख सपाट आहे. एकही शिखर नाही. पत्रा कुणीच कशालाच लावला नाही, असा.

यंत्र बिघडलं असेल म्हणून आमोदला त्याच्या हातावर घासायला लावलं. त्याची शिखरं उभी राहिली, ठणठणीत. अंगठ्याच्या हजेरीचं यंत्रही दोन दिवस मला घेत नाहीये.

सरांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसेल, निदान हसतील तरी, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. कुठलाही स्वच्छ धातू भुकेला असतो, जे जवळ येईल ते धरतो, हे तुम्ही पहिल्या वर्षाला शिकला असाल, म्हणाले. मी म्हटलं, सोनं त्यात सगळ्यात आळशी, आणि मध्ये स्टीलची भिंत आहे. तर म्हणाले, "हा तुकडा तसा नाही. म्हणून तर आपण त्याच्यावर काम करतोय."

आपण! मी विचारलं, शौनकचं काय झालं? ते पडद्याकडे वळले. काम थांबवायचं असेल तर अर्ज द्या, म्हणाले, फक्त माझी पंचाईत होईल हो.

खाली उतरताना जिन्यात मला कळलं. जे माझ्यातून जात होतं ते आधी सोन्यावर येऊन बसत होतं. तिथे ते सकाळपर्यंत असायचं. आणि रोज सकाळी मी आर्गॉन सोडून ते खरवडत होते. माझ्या हाताने. पंपाने ते बाहेर फेकलं, उसावर.

आज साफ केलं नाही. तसंच ठेवून आले.

बुधवार, २५ डिसेंबर

रजेवर आहे. वाटलं होतं, लांब राहिलं की भरून येईल. येत नाही.

दत्तप्रसादने सकाळी एकच कप चहा केला. मी समोर उभी होते. मी म्हटलं, मला? तो दचकला, सॉरी म्हणाला, दुसरा कप केला. तो आणायला गेला आणि मला विसरून बाल्कनीत बसून स्वतःच प्यायला.

शेफाली आता मला बघून रडत नाही. माझ्या आरपार पंख्याकडे बघते. रडत होती तेच बरं होतं.

मंगळवार, ७ जानेवारी

आईला फोन केला. हॅलो, हॅलो, कोण आहे, आवाज येत नाही, असं म्हणून तिने ठेवला. पुन्हा केला. पुन्हा तेच. मी ओरडत होते. शेवटी ती बाबांना म्हणाली, कुणीतरी त्रास देतंय.

दत्तप्रसाद रात्री मध्येच थांबतो, काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो. एकदा मला हात धरून बसवलं त्याने. म्हणाला, कादंबरी, मला काय होतंय? डोळ्यांत पाणी होतं. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग कुकरची शिट्टी झाली आणि तो उठला, आणि परत आला तेव्हा—

नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेफालीचं बोरन्हाण.

सोसायटीतल्या बायका आल्या होत्या. मी काळी साडी नेसले. लेकीला हलव्याचे दागिने मीच घातले होते सकाळी, तेवढं करू दिलं तिने. तिला पाटावर बसवून मी मागे बसले, तर शेजारच्या सोनालीने येऊन तिला उचललं आणि स्वतःच माझ्या जागेवर बसली. माझ्या मांडीवर जवळजवळ. मी सरकले. काय करणार होते? बोरं, चुरमुरे, गोळ्या शेफालीच्या डोक्यावरून ओतल्या, ती हसली, सगळ्यांनी फोटो काढले.

मग हळदीकुंकू. ओळीने सगळ्यांना. मी हात पुढे केला. तिळगूळ माझ्या अलीकडच्या बाईला दिला, मग पलीकडच्या. माझा हात तसाच.

कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, हिची आई? सोनाली म्हणाली, काही कल्पना नाही गं. बिचारा एकटाच सांभाळतो.

दत्तप्रसाद दारात उभा होता. त्याने ऐकलं. तिळगुळाचा डबा घेऊन आत गेला.

गुरुवार, १६ जानेवारी

संस्थेत गेले. दुसरीकडे कुठे जाणार. फाटकावर कुणी अडवलं नाही.

सरांच्या केबिनमध्ये गेले. ते जाहिरात लिहीत होते. संशोधक हवा, जागा एक. मी टेबलावर हात आपटला. ते कागद सारखे करायला लागले, खिडकीकडे बघितलं, वारा आला असावा असं. मग फोन उचलला. आमोदला म्हणाले, सोमवारी स्फटिक स्वच्छ करून ठेव, महिनाभर तसाच पडलाय, नवीन माणूस येईल.

सोमवारी. मी केला नव्हता तो. माझं उरलेलं सगळं त्याच्यावर आहे.

खाली पळाले. खोलीत माझ्या खुर्चीशेजारी एक मुलगा बसला होता. दाढी वाढलेली, संस्थेचा जुना टी-शर्ट. माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे! महिन्याभरात कुणी असं बघितलं नव्हतं.

तो उठून उभा राहिला. "तुम्हाला मी दिसतोय?" त्याचा आवाज फाटला.

शौनक. तो कुठेही गेला नव्हता. मी रुजू झाले त्या दिवशी त्याने मला नमस्कार केला होता म्हणे, रोज करायचा, रोज सांगायचा की इथे बसू नका. मला ऐकू येत नव्हतं. चेंबरची वीज त्याने कितीदा बंद केली. आमोद शांतपणे पुन्हा चालू करायचा. तो सासवडला घरी गेला होता. त्याची खोली घरच्यांनी भाड्याने दिली होती.

मी विचारलं, परत मिळतं का?

तो म्हणाला, "माझं सगळं साफ झालं. तुमचं अजून आहे वर. सोमवारच्या आत बाहेर काढा. जवळ ठेवा. मला एवढंच सुचतं, मॅडम, मला माहीत नाही."

शनिवार, १८ जानेवारी

काढला!

चेंबरमध्ये हवा सोडली, झडप उघडली, चिमट्याने स्फटिक काढला. शौनकने मदत केली. नखाएवढा तुकडा, थंडगार. फडक्यात गुंडाळून पुरचुंडी केली, दोऱ्याने गळ्यात बांधली.

घरी आले. शेफाली पाळण्यात होती. तिने मान वळवली.

माझ्याकडे. माझ्या डोळ्यांकडे. हात वर केले.

मी घेतलं तिला. तिने मानेत नाक खुपसलं, पुरचुंडीला गाल घासला, हुंगलं, हुंगलं, आणि दूध प्यायली. पोट भरेपर्यंत. माझं पिल्लू.

दत्तप्रसाद दारात आला आणि पिशवी त्याच्या हातातून पडली. "कधी आलीस? कुठे होतीस तू?" खाली बसून रडला. आम्ही तिघं फरशीवरच बसून राहिलो.

मंगळवार, २१ जानेवारी

बायडाबाईंनी ताई म्हणून हाक मारली. आईने फोनवर आवाज ओळखला. शेफाली एक क्षण गळ्यातून उतरत नाही, पुरचुंडी चोखत झोपते.

फक्त एक. आज फडकं सोडून बघितलं. उघड्या हवेत इतकं स्वच्छ सोनं क्षणात मळायला हवं. हवेतलंच इतकं काही त्याच्यावर बसेल की त्याची भूक राहणार नाही. तीन दिवस झाले.

अजून आरशासारखं आहे. आत्ता साफ केल्यासारखं. म्हणजे त्याच्यावरचं माझं मला परत मिळालं असावं, पण त्याची भूक अजून आहे.

उद्या परत नेऊन शौनकला दाखवते.

बुधवार, २२ जानेवारी

पुरचुंडी ओली आहे. कोपरा चावलेला.

आत काही नाही.

पाळणा झटकला, गादी उसवली, फरशी— दत्तप्रसाद पलंग ओढतोय—

शेफालीने गिळलं.

गुरुवार, २३ जानेवारी

डॉक्टरांकडे दिवसभर. मला विचारलं, पेशंट कोण? मी शेफालीला पुढे केलं. डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं. पेशंट कुठे आहे, मॅडम? पुढचा नंबर घेतला.

दत्तप्रसाद शेजारी होता. तोही म्हणाला— हळू आवाजात, मला समजवावं तसं— चल घरी. कुणाला दाखवायला आणलं होतंस?

शनिवार, २५ जानेवारी

बायडाबाई काम सोडून गेल्या. ताई, घरात ल्येकरू न्हाई, मी सांभाळू काय? शेफाली त्यांच्या पायाशी रांगत होती, लुगडं ओढत होती. त्यांनी पदर सोडवून घेतला. खिळ्यात अडकल्यावर सोडवावा तसा.

मला सगळे बघतात आता. छान बघतात. विचारपूस करतात.

तिचं नाव शेफाली. शेफाली. शेफाली दत्तप्रसाद—

सोमवार, २७ जानेवारी

पाळणा न्यायला माणूस आला होता. दत्तप्रसादने विकला. कुणी दिला होता आपल्याला हा, म्हणाला. मी तिला उचलून घेतलं तेवढ्यात. घट्ट धरलंय. हात सोडायचा नाही. एका हाताने लिहितेय. हिचा वास घेते सारखी, वास आहे का बघते, दुधाचा, पावडरचा—

येत नाहीये. मानेत नाक घालून बघितलं.

शेफाली हिचं नाव. माझी आहे. वर वाचलं की कळतं. वर वाचत राहायचं—

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळी बरं वाटलं. हात फार दुखतोय, का ते कळत नाही. दोरीवर छोटे छोटे कपडे वाळत होते, दत्तप्रसादने खाली वॉचमनकडे दिले, कुणाचे वरून पडले असतील म्हणून. संध्याकाळी बाहेर जेवायला जाऊ म्हणतोय. बऱ्याच दिवसांनी.

शेजारी कुणाचं तरी बाळ कधीपासून रडतंय. अगदी जवळून आवाज येतो, भिंत पातळ आहे. इतकं रडू देतात का? त्याची आई कुठे—